नऊ इंची मशीनवरची अठ्ठावीस वर्षं

बोर्ली पंचतन
६ नोव्हेंबर २०२४

काका, नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी काही नाही. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी आपण दोघं दहा मिनिटं ओरडत बसलो, मी विचारत होते भात झोडून झालं का, आणि तुम्ही "सुखी राहा" म्हणून फोन ठेवून दिलात. कानाचं यंत्र तुम्ही ट्रंकेत ठेवलंय असं बाबा म्हणाले. तेव्हा आता पत्रच. तुम्ही मुंबईहून बाबांना लिहायचात ती पत्रं मी लहानपणी चोरून वाचलेली आहेत. तुम्हाला लिहिता छान येतं.

काम असं आहे. दिघीच्या खाडीकाठी आमचं यार्ड आहे, तिथला वेल्डिंग विभाग आता माझ्याकडे आलाय. जेट्टीचे खांब, मोठ्या टाक्या, चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीची प्लेट. एका बाजूने वेल्ड मारायचं, मग प्लेट उलटवून मागच्या बाजूने तोच जोड खरवडत जायचं, आतलं कच्चं सगळं निघून चांगलं लोखंड लागेपर्यंत, आणि त्या चरीत दुसऱ्या बाजूचं वेल्ड भरायचं. या बॅक गाउजिंगवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. जुनी ग्राइंडर मशिनं आता कामातून गेली आहेत. चाळीस नवी घ्यायची आहेत, आणि कुठली घ्यायची ते मी ठरवायचं.

माझ्यासमोर तीन आहेत. एक नऊ इंची, वजनदार, भराभर कापणारं, आत्ता आहे त्याच जातीचं. दुसरं सात इंची, नव्या पद्धतीचं. त्याची मूठ थरथर शोषून घेते आणि बटण सोडलं की दोन सेकंदांत चाक थांबतं. तिसरं हवेवर चालणारं, हलकं. शिवाय कार्बनच्या कांडीने लोखंड वितळवून चर पाडायची पद्धत आहेच. कागदावर सगळीच उत्तम आहेत, पण तो कागद लिहिणाऱ्यांनी कधी चरीत चाक घातलेलं नसतं. तुम्ही अठ्ठावीस वर्षं तेच केलंत, आधी माझगावला, मग तळोज्याला. मला खरं सांगा, कुठलं घेऊ?

हर्षद माझ्याच शेडमध्ये आहे हे तुम्हाला माहीत असेल. बरा आहे. आमच्या पूर्वी वहिनी आणि तुमची नात भाविकाही बऱ्या आहेत. भाविका आता अंगणवाडीत जाते. तुमचा विषय मी काढत नाही, तोही काढत नाही. केसर काकू गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही बापलेक बोललेला नाहीत, त्यात मी पडावं की नाही हे मला कळत नाही. कळलं की पडेन.

तुमची,
सुचिता


तळा
१५ नोव्हेंबर

चि. सुचिता,

पोष्टमन आला तेव्हा मला वाटलं बँकेचं काय असेल. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि ओटीवर बसूनच फोडलं. तीनदा वाचलं. भात झोडून झालं. बरं झालंय यंदा.

आता मशीनचं. नऊ इंची म्हणजे रेडा हाय. ताकद हाय, पण आपण त्याला न्हेत न्हाय, तोच आपल्याला न्हेतो. उघड्या प्लेटवर ठीक. चरीत शिरला की चाक दोन्ही अंगाला आपटतं, आणि ते आपटणं सगळं मनगटात येतं. वरून आपण छातीचा जोर देतो, लवकर व्हावं म्हणून. साहेब लोकांना घड्याळ दिसतं, मनगट दिसत न्हाय.

हवेचं मशीन हातात धरायला सुख देतं, पण दाबलं की दमतं. आणि तुमच्याकडं खाडीची ओली हवा. ती कंप्रेसरात गेली की मशीन पाणी ओकत बसेल.

कार्बन सगळ्यात वेगवान. पण त्याचा आवाज माणसाच्या डोक्यात शिरतो तो बाहेर येत न्हाय. माझे कान कार्बननं न्हेले. आता शेजारची चंद्राबाई भांडायला आली तरी मला ती ओवी म्हणतेय असं वाटतं. आणि कार्बन मारला तरी मागनं चाक फिरवायलाच लागतं, जळका थर काढायला. पण जाड प्लेटला मोठा घास कार्बनला घेऊ द्यावा आणि हातात थोडकंच काम ठेवावं, हे खरं. मात्र ते शेडच्या बाहेर, लांब, कान झाकून.

तू सात इंची घे. चाक चार मिलिमीटर जाडीचं. चरीचं तोंड रुंद आणि बूड गोल ठेवायला शिकीव पोरांना. बूड टोकदार राहिलं की वरचं वेल्ड तळाला धरत न्हाय. आणि खरवडून झाल्यावर लाल रंग लावून, पुसून, पांढरी पावडर मारा. चीर राहिली असेल तर लाल रेघ उठते. ती उठली तर लाजायचं न्हाय, परत खरवडायचं.

अक्षर वाकडं आलंय. पेन खराब हाय.

हर्षद कुठलं मशीन चालवतो? दिवसाचे किती तास? मी इचारलं हे त्याला सांगू नको. भाविकाचा एखादा फोटो असला तर पाठीव.

कोंडाजी


बोर्ली पंचतन
२ डिसेंबर

काका,

फोटो सोबत आहे. फ्रॉक तिनेच निवडलाय, म्हणून असा.

तुमच्या पत्रातलं फक्त मशीनचं मी शेडमध्ये वाचून दाखवलं, चंद्राबाई गाळून, नाव न सांगता. रेड्याला सगळे हसले. मग आम्ही चाचणी घेतली. चाळीस मिलिमीटरची प्लेट, प्रत्येक मशीनला एक मीटर जोड. हवेचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, चरीत गेलं की गुदमरायचं. सात इंचीला एकतीस मिनिटं लागली. नऊ इंची हर्षदच्या हातात होतं. बावीस मिनिटं! आणि चर अशी सुरेख, की तपासणीवाल्याने पावडर मारायच्या आधीच मान डोलावली. काका, तुम्ही शिकवलंय ते दिसतं. उभं राहायची पद्धतसुद्धा तुमची, डावा पाय पुढे.

आता अडचण अशी की साहेबांनी ती बावीस मिनिटं बघितली. चाळीसच्या चाळीस नऊ इंचीच घ्या, असं त्यांचं म्हणणं आहे. मी थरथरीचा मुद्दा काढला. सात इंचीच्या मुठीवर ती निम्म्याहून कमी मोजली गेलीय. तेव्हा हर्षदच पुढे होऊन म्हणाला, "सुचिता मॅडम, (यार्डात तो मला मॅडम म्हणतो आणि मला हसू येतं) माझ्या बाबांनी नऊ इंचीवर अठ्ठावीस वर्षं काढली. त्यांना काय झालं? कान सोडले तर काही झालं नाही. हात तर लोखंडासारखे आहेत."

दोन वर्षांत तुमच्याबद्दल त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. मला इतकं बरं वाटलं, की मी वादच घातला नाही.

तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते, तो दिवसाचे पाच-सहा तास नऊ इंचीवर असतो. हल्ली दमतो फार. परवा चहाचा ग्लास हातातून सुटला, काल पुन्हा सुटला. मी म्हटलं सुट्टी घे चार दिवस. म्हणाला, बघू.

पुढच्या सोमवारी मी नऊ इंचीच्या कागदावर सही करणार आहे. तुमचा सल्ला बाजूला ठेवतेय, राग मानू नका. लोकांनाच ते हवं असेल तर मी तरी काय करू?

सुचिता


तळा
५ डिसेंबर

सुचिता,

सही करू नको.

हे पत्र म्हसळ्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतोय, बोर्लीला पोचवतो म्हणालाय. पोष्टानं उशीर झाला असता.

हर्षदला डोळे मिटायला सांग. त्याच्या हातावर एकदा नट ठेव, एकदा वॉशर ठेव, आणि बोटांनी चाचपून काय हाय ते सांग म्हण. गमतीत कर, सगळ्यांचं कर, त्याला कळू देऊ नको. काय झालं ते मला लिही. ग्लास दमून सुटत न्हाय.

कोंडाजी


बोर्ली पंचतन
१६ डिसेंबर

काका,

सही केली नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. चहाच्या वेळी दहा जणांना रांगेत बसवलं, रुमाल बांधले, जो हरेल त्याने उद्या सगळ्यांना वडे द्यायचे. सात जणांनी पटापट ओळखलं. दोघं जरा अडखळले. हर्षदच्या हातावर नट ठेवला, तो म्हणाला नट. वॉशर ठेवला, बराच वेळ बोटं फिरवली, म्हणाला नट. तिसऱ्यांदा मी काहीच ठेवलं नाही, नुसतं माझं बोट टेकवल्यासारखं करून काढून घेतलं. तो मूठ मिटून म्हणाला, "वॉशर."

सगळे हसले. त्याने रुमाल काढला, रिकाम्या हाताकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं की हा खेळ नव्हता.

नंतर मला कंप्रेसरच्या मागे गाठून म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, दीड वर्ष झालं. आधी मुंग्या यायच्या, आता उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्याची दोन आपली वाटतच नाहीत. भाविकाची वेणी घालतो ती सुटते. शर्टाची बटणं पूर्वी वहिनी लावते. तिला त्याने सांगितलंय की खांदा धरलाय. "साहेबांना बोलू नकोस, मला मशीनवरून काढतील. मला दुसरं काय येतं?" आमचा हर्षद, काका, जो लहानपणी माझी भांडणं भांडायचा, तो हात जोडत होता.

मी त्याला त्याच दिवशी मशीनवरून काढलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

आता तुम्ही मला सांगा. नुसत्या ग्लासावरून तुम्हाला कळलं कसं? तुमचं अक्षर पेनामुळे वाकडं येत नाही ना? साहेबांसमोर ठेवायला मला खरी गोष्ट हवी आहे. मोजमापांचे आकडे त्यांनी बाजूला ठेवलेत. आणि साहेबांचं सोडा, मलाच हवी आहे. मी जवळजवळ सही केली होती.

सुचिता


तळा
२७ डिसेंबर

सुचिता,

हे पत्र लिहायला मला सहा दिवस लागले. पेन बोटांत हाय की सुटलं ते मला बघून कळतं, नुसतं धरून कळत न्हाय. अंगठ्याला सुतळीनं बांधून लिहितोय.

तळोज्याला, शेवटच्या आठ वर्षांत सुरू झालं. संध्याकाळी मुंग्या यायच्या. मग सकाळीही. मग मुंग्यासुद्धा यायच्या बंद झाल्या. आमच्यातल्या पुष्कळांचं तसंच होतं. डबा खाताना घास सांडला की एकमेकांना हसायचो. डॉक्टरकडं कोण जात न्हवतं, गेला तर मशीनवरनं काढतील म्हणून. हर्षद तुला जे म्हणाला तेच आम्ही म्हणायचो. आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी त्याला तिथंच चिकटवला. त्याचे हात धरून मशीन कसं धरायचं ते मीच शिकवलं. त्याचे हात मला लागत न्हवते, नुसते दिसत होते.

घरी आलो तरी केसरला सांगितलं न्हाय. ती म्हणायची, चुलीवरचं भांडं असं उघड्या हातानं कसं उचलता? मी म्हणायचो, सवय हाय. तिला त्याचा अभिमान वाटायचा. आल्यागेल्याला सांगायची, यांचे हात लोखंडाचे हायत. हर्षदनं ते तिच्याकडनंच उचललंय.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं न्हाय.

दोन वर्षांमागं, भाद्रपदात, केसर भातशेतात बेणणी करून आली आणि ओटीवर बसली. माझे कान गेल्यापासनं ती माझ्यासमोर येऊन, तोंड नीट हलवून बोलायची. म्हणाली, "अवो, बघा जरा, अंगात ताप हाय काय?" मी कपाळावर हात ठेवला. मला काय लागलं न्हाय. गरम न्हाय, गार न्हाय. त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं, की केसर, माझ्या हाताला कळत न्हाय, चंद्राबाईला बोलीव. मी म्हणालो, "काय न्हाय. अंग थंड हाय तुझं. दमलीस."

ती बरं म्हणाली आणि उठून भाताला आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परत शेतात गेली. संध्याकाळी परत इचारलं, मी परत हात ठेवला, परत तेच बोललो. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. डोळे पिवळे दिसले तेव्हा मी गाडी बघायला धावलो. तळ्याच्या दवाखान्यात न्हेली, तिथनं त्यांनी पुढं पाठवली. लेप्टो निघाला, शेतातल्या पाण्यातनं होतो तो ताप. हर्षद आला तोवर ती बोलायची थांबली होती. डॉक्टरनं कागदावर लिहून मला इचारलं, "घरात कुणाला ताप कळला नाही?" हर्षद माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "ती मला बोललीच न्हाय."

मेलेल्या बाईवर ढकललं मी.

तेराव्याला चंद्राबाईनं हर्षदला सांगितलं, की केसर तर म्हणत होती, ह्यांनी हात लावून बघितलं, ताप न्हाय म्हणाले. म्हणजे मी खोटं बोललो हे त्याला कळलं. त्यानं मला इचारलं, मला ओठांवरनं कळलं काय इचारतोय ते. मी ऐकू आलं न्हाय असं दाखवलं. तो पिशवी घेऊन गेला तो गेलाच.

का न्हाय सांगितलं? आधी लाज. दुसरं असं, की माझे हात गेलेत म्हटलं की हर्षदच्या हातांचं काय, हे मला बघायला लागलं असतं. मी मनाची समजूत घातली, नवी मशिनं चांगली असतील, त्याला न्हाय होणार. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हासुद्धा मी पेनावर ढकललं.

साहेबांना माझ्या हातांचं वाचून दाखीव. केसरचं वाचू नको. आणि हे पत्र हर्षदला देऊ नको. त्याला बाप वाईट हाय एवढं पुरे हाय. बाप असा हाय हे नको.

कोंडाजी


बोर्ली पंचतन
२० जानेवारी २०२५

काका,

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही कारण मी तुमचं ऐकलं नाही, आणि ते कसं लिहावं ते सुचत नव्हतं.

आधी कामाचं. साहेबांना हातांपुरतं वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, माझे काका. नंतर सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवायचं ठरलं. हर्षद धरून पाच जणांच्या बोटांत दोष निघाला. ठरलं ते असं: चाळीसही मशिनं सात इंची. जाड प्लेटला कार्बन, पण वेगळ्या आडोशाला, खाडीच्या बाजूला, कान झाकल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. हातात मशीन एका माणसाला दिवसाचे दोनच तास, मग दुसरा. नऊ इंची मशिनं शेडमधून काढून टाकली. काम थोडं मागे पडतंय, पडू दे.

आता दुसरं. हर्षदने मला विचारलं, कुठल्या काकाचं पत्र? मी विषय बदलला. तो म्हणाला, "मला लहान समजू नकोस, सुचिता. माझ्या बापाचं आहे ना?" मी त्याला पत्र दिलं. अर्धं नाही, सगळं. तुम्ही नको म्हणाला होतात. पण तुम्ही बापलेकांनी घरच्यांपासून आणि एकमेकांपासून इतकं लपवलंय की मला त्यात अजून एक भर घालवेना.

दिघीच्या धक्क्यावर बसून त्याने वाचलं. आगरदांड्याची फेरीबोट येऊन, माणसं उतरून, परत गेली, तरी तो वाचतच होता. मग पत्राची घडी घातली, ती नीट पडेना, मी घालून दिली. तो म्हणाला, आईचं कळलं. पुढेही काही म्हणाला. मग शेडकडे निघून गेला.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही. आता थांबलात तर निदान पुढे सरकणार नाही. त्याला आता तपासणीवर घेतलंय, लाल रंग आणि पावडर. काम नीट करतो. जेवायला एकटा बसतो.

मी चुकले असेन तर मला रागवा. तुम्हाला तो हक्क आहे.

सुचिता


तळा
२९ जानेवारी

सुचिता,

चार दिवस रागात होतो. पत्र फाडायला घेतलं, फाटलं न्हाय, बोटांत कागद धरवला न्हाय. आता राग न्हाय.

मशीनचं चांगलं केलंस. कामाचं तू पानभर लिहिलंस आणि हर्षदचं एका ओळीत उरकलंस. "पुढेही काही म्हणाला." काय म्हणाला? जसंच्या तसं लिही. वाईट असलं तरी लिही.

कोंडाजी


बोर्ली पंचतन
११ फेब्रुवारी २०२५

बाबा,

सुचिताने तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, हे मला नाही लिहिता येणार. म्हणून मीच लिहितोय. मला हळूहळू लिहावं लागतं, तेव्हा थोडक्यात.

आईचं आधी. मला वाटायचं तुम्ही बघितल्यासारखं केलंत. बातम्या बघता बघता हात लावला असेल, काय नाही म्हणाला असाल. दोन वर्षं मी ते डोळ्यांसमोर आणायचो आणि माझं डोकं फिरायचं. आमची पूर्वी म्हणायची, असं नसेल. मी तिला गप्प करायचो. तुम्ही खरंच हात ठेवला होता, दोन दिवस ठेवला होता, आणि तुम्हाला कळलं नाही. हे वाचलं आणि तो राग त्या धक्क्यावरच गेला. मी आईसाठी रडलो, दोन वर्षांत पहिल्यांदा. आधी नुसता रागच येत होता.

पण मी सुचिताला पुढे काय म्हणालो ते तुम्हाला हवंय. मी म्हणालो, आई गेली तेव्हा माझे हात चांगले होते.

बाबा, मला दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आई त्याच्या आधी गेली. त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही म्हणाला असतात की माझ्या हाताला कळत नाही, या मशीनने माझे हात नेले, तर मी दुसऱ्या दिवशी मशीन खाली ठेवलं असतं. आईला वाचवता आलं नसतं. माझे हात वाचले असते. तुम्ही आधी लाजेने गप्प बसलात असं लिहिलंय. मला वाटतं तुम्हाला माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून गप्प बसलात. तुम्हीही तेच लिहिलंय, फक्त जरा गोल करून.

हा राग कसा जाईल मला माहीत नाही. पूर्वी म्हणते, एकदा जाऊन या. मी तिला म्हटलं, मी तिथे गेलो तर ओरडेन, आणि त्यांना ऐकू येणार नाही. मग ओरडून काय उपयोग? शिमग्याला येणार नाही. त्याच्या पुढचं सांगत नाही. भाविकाला सुचिता घेऊन येईल, तिला मी अडवणार नाही. तिला विहिरीजवळ जाऊ देऊ नका.

पूर्वीला सगळं सांगितलंय. खांदा धरलाय असं सांगितलं होतं तेही खोटं होतं हे सांगितलं. ती पीठ मळत राहिली, मग म्हणाली, "बापावर गेलात." मला ते फार लागलं.

तुम्ही उत्तर लिहाल हे मला माहीत आहे. माफ कर असं लिहू नका, त्याचं मी आत्ता काही करू शकत नाही. तुमचं कुठलं बोट आधी गेलं ते लिहा. त्यानंतर दुसरं किती दिवसांनी. काम थांबवल्यावर खरंच थांबलं का, की नंतरही वाढत राहिलं. थंडीत दुखतं का. जेवताना चमचा कसा धरता, दाढी कशी करता, कुलपात चावी कशी लावता. एकेक लिहा, काही सोडू नका. डॉक्टर सांगतात, पण त्यांचे हात चांगले आहेत.

हर्षद